मोटेपासून मचव्यापर्यंत

सोलापूरच्या माणसाने समुद्राविषयी तोंड उघडू नये, असा आमच्या मुंबईकर मित्रमंडळींचा एक अलिखित नियम आहे. "तुमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, आणि तुम्ही आम्हांला दर्याच्या गोष्टी सांगता!" असे एका स्नेह्याने मला एकदा भर पंगतीत ऐकवले होते. त्या वेळी मी मुकाट्याने जिलबी खाल्ली. पण उत्तर मनात राहून गेले होते. ते उत्तर जरा लांबलचक आहे आणि त्यात बोटींबरोबर विहिरी, गिरण्या आणि शेंगदाण्याचे तेलही येते. दिवाळीच्या फराळाबरोबर ते ऐकून घ्यायला वाचकांची हरकत नसावी.

माझ्या लेखी या गोष्टीची सुरुवात एका आवाजाने होते. करमाळा तालुक्यात भीमेच्या काठी माझ्या मामांचा मळा होता. दिवाळीच्या सुटीत आम्ही भावंडे तिकडे जात असू. पहाटे अंघोळीसाठी अंगणात बंब पेटलेला असे आणि मळ्याकडून 'टुक्‌... टुक्‌... टुक्‌' असा संथ आवाज येत असे. दोन टोल्यांमध्ये इतके अंतर असे, की आता हे बंद पडले की काय, अशी शंका यावी. तेवढ्यात पुढचा टोला पडायचा. ते तेलावरचे इंजिन. मामा त्याच्या तेलाला 'क्रूड' म्हणत. त्या क्रूडचा वास, तापलेल्या पट्ट्याचा वास आणि उटण्याचा वास यांची माझ्या डोक्यात कायमची सांगड बसली आहे. अजूनही कुठे डिझेलचा धूर आला, की मला दिवाळी आल्यासारखे वाटते. घरचे हसतात, हसोत बापडे.

मामांच्या वडिलांच्या काळी त्याच विहिरीवर मोट चाले. चामड्याची मोट, सोंडेतून धो धो पडणारे पाणी, धावेवरून उतरणारे बैल, मोटकऱ्याची गाणी. हे सारे चित्रात फार गोड दिसते. पण उन्हाळ्यात त्या बैलांची दशा ज्याने पाहिली असेल, त्याला ते गोड वाटणार नाही. नाना म्हणजे मामांचे वडील सांगत, की बैलाने दिवसभर धावेवर खाली-वर करायचे आणि त्याच्या वैरणीपुरती ज्वारी पिकवायला पुन्हा त्याच मोटेचे पाणी घालायचे. विहिरीचे अर्धे पाणी बैलच पितो, असे त्यांचे गणित होते. इंजिनाला मात्र काम नसेल त्या दिवशी खायला लागत नाही. खेडोपाडी इंजिनाचा जो जयजयकार झाला, त्याचे इंगित या एका वाक्यात आहे.

हे इंजिन ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. आईबाप बव्हेरियन. १८७० च्या युद्धात जर्मन माणसांना पॅरिस सोडावे लागले, त्यांत हे कुटुंब लंडनला गेले. पुढे मुलगा म्युनिकला शिकला. तेथे प्राध्यापक लिंडे यांनी वर्गात सांगितले, की वाफेचे यंत्र कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामी लावते आणि बाकी सगळी वाया घालवते. हे वाक्य त्या पोराच्या मनाला चावले. शंभरातली नव्वद वाया! आपल्याकडच्या एखाद्या काटकसरी गृहिणीला जितका संताप येईल, तितकाच त्याला आला.

त्याने काढलेली युक्ती समजायला मोठी विद्या नको. सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. हवा दाबली की तापते. मग ती दहा-बारा पट नव्हे, तर पंधरा-वीस पट दाबली तर? ती इतकी तापेल, की तिच्यात तेलाचा फवारा सोडल्याबरोबर तो आपोआप भडकेल. काडी नको, ठिणगी नको. डिझेलच्या इंजिनाचा गाभा एवढाच. बोलायला सोपे, करायला मात्र चार वर्षे लागली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली, तेव्हा दाब मोजण्याचे उपकरण स्फोटाने उडून गेले आणि डिझेलसाहेब थोडक्यात बचावले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्र्योटर यांनी त्याची रीतसर परीक्षा घेतली. विसेक अश्वशक्तीचे ते यंत्र तेलातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक कामी लावत होते. दहाच्या जागी सव्वीस! सगळ्या युरोपातल्या कारखानदारांचे डोळे विस्फारले.

येथे न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच्या आधी, १८९० साली, हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाने जाड्या तेलावरच्या इंजिनाचा हक्क नोंदवला होता आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून ती इंजिने विकायलाही काढली होती. त्यात आधी एक लोखंडी फुगा दिव्याने तापवावा लागे, मग इंजिन चाले. डिझेलइतका दाब त्यात नव्हता, पण तेल फवारायची कल्पना होती. हीच कंपनी पुढे लिंकनच्या रस्टन कंपनीत मिसळली, आणि 'रस्टन' हे नाव आपल्याकडे चिंचवडच्या कारखान्यामुळे खेड्यापर्यंत पोचले. नाव एकाचे झाले आणि घाम अनेकांचा गळला. शोधांच्या इतिहासात हे नेहमीचेच आहे.

सोलापूरकराला विशेष आवडावी अशी हकीकत १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातली आहे. ऑटो कंपनीने तेथे एक लहानसे डिझेल इंजिन चालू ठेवले होते. त्यात कोणते तेल घातले होते? भुईमुगाचे! फ्रेंच सरकारच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग उदंड पिकतो, तेव्हा तेथे बाहेरून तेल न नेता यंत्रे चालवता येतील का, हे त्यांना पाहायचे होते. इंजिनाने काही कुरकुर केली नाही, आणि बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तेलातला फरक कळला, असे पुढे डिझेलनेच लिहून ठेवले आहे. आमच्या सोलापूरच्या शेंगाचटणीला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

डिझेलचा शेवट मात्र दुःखद झाला. कीर्ती मिळाली, पैसा आला, आणि नको त्या व्यवहारांत तो गेलाही. १९१३ च्या सप्टेंबरअखेर तो अँटवर्पहून इंग्लंडला 'ड्रेस्डेन' नावाच्या आगबोटीने निघाला. रात्री जेवून खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. खलाशांनी खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या, त्या मुलाने ओळखल्या. ज्या समुद्रावर त्याच्या यंत्राचे राज्य व्हायचे होते, त्याच समुद्राने त्याला गिळले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१२ च्या फेब्रुवारीत, कोपनहेगनहून 'सेलांडिया' हे डेन्मार्कचे मालवाहू जहाज बँकॉकच्या प्रवासाला निघाले होते. साडेबाराशे अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने त्यात होती आणि त्याला धुराडेच नव्हते. त्या काळी धुराड्याशिवाय जहाज म्हणजे कळसावाचून देऊळ. बंदराबंदरांत लोक ते पाहायला लोटले.

आता सोलापूर. १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांनी येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही गिरणी काढली. गावात ती 'जुनी गिरणी' म्हणूनच ओळखली गेली. तिच्या भोंग्यावर अर्धे शहर उठे आणि जेवे. ती बंद पडून कितीतरी वर्षे झाली. या मोरारजींचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी. आणि याच शहरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी, कापूस आणि सावकारी यांचा व्यवहार करणाऱ्या एका जैन घराण्यात, वालचंद हिराचंद जन्मले. घरच्या पेढीवर गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. रेल्वेतल्या नोकरीचा अनुभव असलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे एक लहानसे काम ठेक्याने घेतले. अडीच फुटी रुळांची ती इवलीशी गाडी. जुन्या लोकांना तिची आठवण अजून आहे. मालाचा माणूस आणि कामाचा माणूस अशी ती जोडी जमली, आणि वालचंदांचा रस्ता सावकारीकडून कारखानदारीकडे वळला.

पहिले महायुद्ध संपल्यावर दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत त्यांना कळले, की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे एक जहाज विकायचे आहे. हे जहाज मूळचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९१ साली बांधलेले. युद्धात ते इस्पितळ म्हणून वापरले होते आणि आता त्याचे नाव 'लॉयल्टी' होते. ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात रूळ, बोगदे आणि पूल केले, त्याने जहाज घ्यायचे ठरवले! नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हे बरोबर आले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन झाला. एक सोलापुरात जन्मलेला, एक सोलापूरच्या गिरणीचा धनी. समुद्र न पाहता वाढणाऱ्या गावाने देशाला जहाजे दिली, असे मी म्हणालो तर त्यात अतिशयोक्ती थोडीच म्हणावी लागेल.

पुढचे सारे सुखाचे नव्हते. त्या काळी हिंदुस्थानच्या स्वतःच्या किनाऱ्यावरून माल न्यायचा तोही ब्रिटिश कंपन्यांनी. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी इतकी खाली आणली, की नव्या कंपनीचा श्वास कोंडावा. यापूर्वी अनेक देशी जहाज कंपन्या अशाच गुदमरून मेल्या होत्या. ही मेली नाही. म्हातारी 'लॉयल्टी' १९२३ साली मोडीत निघाली, पण सिंदिया टिकली, आणि तिनेच विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी काढली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात सोडली, तेव्हा वालचंद हयात होते. १९५३ च्या एप्रिलमध्ये ते गेले.

पण जहाज आपले झाले म्हणून इंजिन आपले होत नाही. त्याची कथा सागरकिनारी घडली नाही. ती घडली नांगराच्या फाळातून. सातारच्या धनजीशा कूपर यांनी १९२२ साली लोखंडी नांगर करण्यासाठी कारखाना काढला. हे गृहस्थ १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधानही होते. १९३० नंतरच्या दशकात त्यांच्या कारखान्याने डिझेल इंजिन केले. या देशात झालेल्या अगदी पहिल्यांपैकी ते. पुढे हा कूपर कारखाना वालचंदांच्याच समूहात आला. दुसरा नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म २८ मे १९०३ चा, आणि तोही सोलापूरचा! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला यंत्रविद्या शिकून १९२६ साली ते परतले, आणि १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. नांगर, मग चरक, मग पंप, मग इंजिन. आपल्या यंत्रधंद्याने शेतकऱ्याचे बोट धरून चालणे शिकले. इंग्लंडात ते खाणीतून आणि गिरणीतून आले, आपल्याकडे विहिरीच्या काठावरून आले. माझ्या मते हा फरक आपल्या इतिहासकारांनी पुरेसा मनावर घेतलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर हेच इंजिन कोकणात उतरले. तोवर मचवा शिडावर चाले. वारा पडला, की मासळी बोटीतच नासे. वारा चढला, की माणसे घरी येतील याचा भरवसा नसे. सरकारने सहकारी सोसायट्यांमार्फत इंजिनासाठी कर्जे द्यायला सुरुवात केली. सातपाटीसारख्या गावांनी ती लवकर उचलली. तेथल्या होड्यांची घडणही इंजिनाला मानवणारी होती. शीड उतरले, 'पंखा' बसला. तांडेल वाऱ्याकडे पाहायचा, तो आता तेलाच्या डब्याकडे पाहू लागला.

कुणाला वाटेल, विहिरीवरचे इंजिन उचलून होडीत ठेवले, की झाले. तसे करून पाहणारेही निघाले, आणि पस्तावले. मळ्यातले इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी जखडलेले असते. होडी तर क्षणभर स्थिर नाही. ती कलली, की तळातले वंगण एका बाजूला जमते आणि दुसऱ्या बाजूचे भाग कोरडे घासतात. विहिरीचा पंप एकाच दिशेने फिरतो. होडीला मागेही यावे लागते, म्हणून उलट-सुलट फिरणारी दातचक्रांची पेटी हवी. आणि सगळ्यांत मोठा वैरी खारे पाणी. इंजिन थंड ठेवायला पाणी लागते, सभोवार पाणीच पाणी, पण ते आत घेतले तर लोखंड खाऊन टाकते आणि मिठाचे थर बसवते.

यावर जी तोड निघाली, ती समजायला आपल्या दिवाळीच्या बंबाकडे पाहावे. बंबात मधल्या नळीत विस्तव असतो आणि भोवती पाणी. दोघांची गाठ न पडता ऊब इकडची तिकडे जाते. बोटीच्या इंजिनात नळ्यांमधून खारे पाणी जाते आणि नळ्यांभोवती इंजिनातले गोडे पाणी फिरते. तापलेले गोडे पाणी आपली उष्णता खाऱ्याला देऊन पुन्हा आत जाते, खारे पाणी समुद्रात परत. शिवाय आत जस्ताचा एक तुकडा ठेवतात. समुद्राला काहीतरी खायचेच असते. मग तो जस्त खातो आणि बाकीची धातू वाचते. पिंडाला कावळा शिवावा तशी ही तरतूद. जस्त संपले की नवा तुकडा घालायचा, नाहीतर कावळा घरात शिरतो.

परदेशात याच सुमारास एक निराळेच नाटक चालू होते. तिकडे मासे मारायचे ते पोटासाठी नव्हे, तर मौजेसाठी, असा श्रीमंतांचा एक मोठा खेळ आहे. समुद्रात कोसच्या कोस जायचे, लांब गळ सोडून हळूहळू हिंडत राहायचे, आणि माणसापेक्षा मोठा मासा गळाला लागला, की दोन-दोन तास त्याच्याशी झुंजायचे. मासा पळेल तशी बोट मागे घ्यायची, वळवायची. कादंबरीकार हेमिंग्वे याची १९३४ साली घेतलेली 'पिलार' ही अशीच बोट. त्या काळच्या या हौशी बोटी बहुधा पेट्रोलवर चालत. पेट्रोलचे इंजिन हलके आणि चपळ, पण त्याची वाफ हवेहून जड असते. ती बोटीच्या पोटात साठून राहते आणि एका ठिणगीने सारे बेचिराख होते. किनाऱ्यापासून वीस मैलांवर आग लागली, तर एका बाजूला आग आणि दुसऱ्या बाजूला पाणी, आणि दोन्हींत मरण. डिझेल तेल साध्या हवेत असे चटकन वाफाळत नाही. शिवाय त्याच मापाच्या तेलात बोट अधिक लांब जाते. म्हणून ही सुरक्षित इंजिने हवीहवीशी वाटत. अडचण एकच: ती भलतीच जड होती. मामांच्या इंजिनाचे नुसते फिरते चाक दोन गडी लावून उचलावे लागे. असले धूड घेऊन पळणार कोण?

ही कोंडी अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाने फोडली. जनरल मोटर्सने १९३८ साली डेट्रॉइटला दोन टोल्यांत काम संपवणारी डिझेल इंजिनांची एक मालिका काढली. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्यांत सहा नळकांड्यांची, सव्वादोनशे अश्वशक्तीची ही इंजिने हजारोंनी बसली. युद्ध संपले, होड्या मोडीत निघाल्या, इंजिने स्वस्तात मिळाली, आणि कोळ्यांनी व हौशी मासेमारांनी ती उचलली. आवाज असा, की शेजारच्याला हाक ऐकू जाऊ नये, तेल गळायचे, पण ती मरत नसत. नॉर्मंडीच्या वाळूवर सैन्य उतरवणारे यंत्र दहा वर्षांत रविवारच्या माशांमागे धावू लागले. यंत्रांच्या नशिबीही पेन्शन असते म्हणायचे.

पुढची कहाणी वजन घटवून बळ वाढवण्याची आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ सालीच सुचवले होते, की बाहेर जाणारा तप्त धूर फुकट का घालवावा? त्याच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्या चक्राने दुसरे, आणि त्या दुसऱ्याने इंजिनात हवा ठासून भरावी. म्हणजे लोहाराचा भाता इंजिनाने आपल्याच उच्छ्वासावर चालवायचा. हवा जास्त, म्हणून तेल जास्त जाळता येते, म्हणून त्याच आकारात बळ जास्त. बोटीत तर आणखी एक सोय: ठासलेली तप्त हवा समुद्राच्या पाण्याने थंड करून घेता येते, म्हणजे ती आणखी मावते. आणि अलीकडे तेल फवारायची रीतच बदलली. मामांच्या इंजिनातली नोझल जेवढ्या दाबाने तेल सोडी, त्याच्या आठ-दहा पट दाबाने आता तेल एका सामाईक नळीत भरून ठेवतात, आणि केव्हा, किती व किती वेळा सोडायचे, हे एक लहानसा संगणक ठरवतो. म्हणून आज टनभर वजनाच्या सहा नळकांड्यांच्या इंजिनातून सहाशे अश्वशक्ती निघते, धूर दिसत नाही, आणि दिवसभर मंद गतीने हिंडूनही ते काजळत नाही.

आणि या इंजिनांपैकी पुष्कळशी मुळात समुद्रासाठी जन्मलेलीच नसतात! ट्रकचे किंवा शेती-बांधकामाच्या यंत्राचे धड घ्यायचे, आणि त्याला बंब, जस्त व दातपेटी यांचा समुद्री पोशाख चढवायचा. पुण्याला कोथरुडात १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीने कमिन्सचा कारखाना निघाला. अमेरिकेत मौजेच्या बोटींत ज्या नावाचा बोलबाला आहे तेच हे नाव. आणि इंजिनांची ओतीव धडे जिथे होतात, अशा ठिकाणांत आमचे सोलापूरही आहे. येथला जुना शिवाजी वर्क्स हा ओतकामाचा कारखाना पुढे किर्लोस्कर फेरसमध्ये आला; ट्रॅक्टरच्या आणि डिझेल इंजिनांच्या ओतीव भागांचे काम तेथे चालते. १९९२ साली निघालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट तर देशोदेशींच्या मोटारगाड्यांत फिरतात. चादरींचे गाव म्हणून आम्हांला ओळखणाऱ्यांना हे सांगितले, की ते चादर पांघरून ऐकल्यासारखे करतात.

पण या नव्या इंजिनाचे कौतुक करताना मला कोकणातला एक नाखवा आठवतो. हर्णैच्या बंदरात सहज बोलणे निघाले. तो म्हणाला, "दादा, जुनं इंजिन बंद पडलं, तर मी भर समुद्रात पाना घेऊन बसायचो. हवा काढली, नोझल पुसली, की चालू. आता लाल दिवा लागतो, आणि तो दिवा काय म्हणतो ते सांगणारा माणूस शहरातून यायला लागतो." त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. बोटीच्या फेरीच्या खर्चात तेलाचा वाटा सर्वांत मोठा असतो. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो खरा, पण तो हातात पडेपर्यंत व्याज वाढलेले असते. इंजिन मोठे झाले, जाळे मोठे झाले, कर्ज मोठे झाले; मासळी मात्र मोठी होईना. ट्रॉलरवाले आणि लहान होडीवाले यांच्यांत वैर पेटले, म्हणून १९८१ साली राज्याला सागरी मासेमारीचा कायदा करावा लागला. पूर्वी पावसाळ्यात समुद्रच माणसाला घरी बसवी. आता जून-जुलै दोन महिने सरकारी हुकमाने बसवावे लागते, कारण इंजिनाला पावसाचे भय उरलेले नाही. ज्या यंत्राने वाऱ्याच्या लहरीतून माणूस सोडवला, त्याने त्याला तेलाच्या भावाशी बांधले. बैलाच्या वैरणीचे नानांचे गणित मला तेथे धक्क्यावर उभ्या उभ्या आठवले.

मामांचा मळा आज पाण्याखाली आहे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, भीमा मागे फुगत गेली आणि सुमारे ११७ अब्ज घनफुटांच्या त्या यशवंत सागरात गावेच्या गावे गेली. समुद्र नसलेल्या जिल्ह्याला सरकारने सागर दिला, पण तो मामांच्या विहिरीवरून दिला. त्यांना दुसरीकडे जमीन मिळाली. इंजिन मात्र त्यांनी तिकडे नेले नाही. तिथे तोवर विजेची मोटर आली होती. इंजिन भंगारात दहा रुपये मणाच्या भावाने जाईल म्हणून दोन वर्षे गोठ्यात पडून होते, मग कुणीतरी नेले. कोणी नेले, ते मामांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मागल्या उन्हाळ्यात मी मामेभावाबरोबर या काठावरून त्या काठावर लाँचने गेलो. आता तेथे भोई आणि बाहेरून आलेले मासेमार चिलापी आणि कटला धरतात, आणि शेतकरी मोटारसायकलीसकट पलीकडे जातात. लाँचवाल्या तात्यांनी हँडल मारून इंजिन सुरू केले. मोटारसायकली एका अंगाला लागल्या होत्या, त्या त्यांनी आधी सारख्या करून घेतल्या आणि आम्हांला जाकिटे घालायला लावली. वादळ आले, तर हे पाणी समुद्रापेक्षा वाईट, असे ते म्हणाले. मे महिना होता, पाणी बरेच ओसरले होते. अर्ध्या वाटेवर मामेभावाने बोट दाखवले. चिखलातून दगडी कडे वर आले होते, अर्धे ढासळलेले. शेजारी सिमेंटचा एक चौकोनी ओटा, आणि त्यावर गंजलेले चार बोल्ट.

"हे काय हाय, ठावं हाय का?" तात्यांनी विचारले.

"आमचं इंजिन हितं व्हतं," मामेभाऊ म्हणाला.

तात्यांनी लाँच जरा हळू केली, ओट्याला वळसा घातला आणि मग पुन्हा पलीकडच्या काठाकडे धरली.